फळांच्या साली, चोथा आणि कवचे यांनी तेलकट पाणी खरोखर स्वच्छ होते का?

ओंजळ :

पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या एका गटाला मी प्रकल्पासाठी ‘फळांच्या टाकाऊ भागांनी तेलकट पाणी स्वच्छ करणे’ हा विषय दिला आहे. वाळवलेल्या साली स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट तेल शोषतात असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, आणि विषय कमी खर्चाचा व समजायला सोपा असल्यामुळे तो निवडला. प्राथमिक चाचणी म्हणून विद्यार्थ्यांनी काचेच्या चंचुपात्रात पाणी घेतले, त्यावर थोडे नवे इंजिन ऑइल ओतले आणि संत्र्याच्या वाळलेल्या सालीचे तुकडे पसरले. पाव तासात तवंग बराचसा फाटला आणि बाहेर काढून निथळलेल्या तुकड्यांचे वजन चांगलेच वाढलेले दिसले. मात्र काही तुकडे रात्रभर पात्रात तसेच राहिले होते. सकाळी त्यांपैकी निम्मे तळाशी जाऊन बसले होते, पाणी फिकट पिवळे झाले होते, आणि तळाच्या तुकड्याला काचकांडीने दाबताच त्यातून तेलाचे बारीक थेंब सुटून वर येत होते.

यावरून मला असे विचारायचे आहे की वजनातली ही वाढ म्हणजे सगळे तेलच समजावे का, आणि तसे नसेल तर महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत तेलाचे प्रमाण वेगळे कसे काढावे. दुसरे म्हणजे, फळांचा असा टाकाऊ भाग प्रत्यक्ष कामात कुठे वापरला जातो का, की हे सगळे प्रयोगशाळेपुरतेच आहे? आणि तेल प्यायलेल्या सालींचे पुढे काय करायचे, याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या अहवालात असायलाच हवे असे मला वाटते. त्याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

निवळी :

औद्योगिक सांडपाण्याच्या शुद्धीकरणाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. या विषयावरच्या लिखाणात साल तेल किती पिते याचीच चर्चा असते. ती पाण्याशी कशी वागते हा प्रश्न बाजूला पडतो, आणि माझ्या मते सगळे घोडे तिथेच अडते.

आपल्या निरीक्षणात सर्वांत बोलके आहेत ते तळाशी बसलेले तुकडे. साल म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि थोडे लिग्निन. यांपैकी पहिल्या तिन्ही पदार्थांच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गटांची (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची) रेलचेल असते आणि हे गट पाण्याशी सहज हायड्रोजन बंध जोडतात. तेलाला साल जागा देते ती तिच्या सच्छिद्रतेमुळे आणि बाहेरच्या मेणचट थरामुळे. कोरडी साल तवंगावर पडली की सुरुवातीला तेल पटकन छिद्रांत शिरते, पण नंतर पाणी हळूहळू आत सरकते, आधी शिरलेल्या तेलाला काही प्रमाणात बाहेर ढकलते आणि तुकडा जड होऊन बुडतो. पिवळेपणा सालीतल्या रंगद्रव्यांचा व इतर विद्राव्य पदार्थांचा आहे. म्हणजे पाण्यातून एक प्रदूषक काढताना आपण दुसरे त्यात सोडत आहोत. त्यातही पेक्टिन हे तेलाचे थेंब पाण्यात टिकवून धरायला मदत करणारे द्रव्य आहे. न धुतलेली साल टाकल्यावर वरचा तवंग कमी होऊन खालचे पाणी दुधाळ होऊ लागले, तर ते शुद्धीकरण नव्हे.

म्हणून वजनातली वाढ म्हणजे तेल, असे मुळीच समजू नये. समजा १० ग्रॅम कोरडी साल निथळल्यावर ५५ ग्रॅम भरली आणि तिच्यात १५ ग्रॅम पाणी आहे, तर तेल ३० ग्रॅम आहे आणि शोषणक्षमता एका ग्रॅमला ३ ग्रॅम आहे, साडेचार नव्हे. शोषकांच्या चाचणीसाठी अमेरिकेतील एएसटीएम संस्थेची एफ-७२६ ही पद्धत सर्वत्र आधारासाठी घेतली जाते. तिच्यात शोषक १५ मिनिटे तेलात ठेवून, ३० सेकंद निथळू देऊन वजन करतात. पण त्याशिवाय तो पाण्याबरोबर मिनिटाला १५० हेलकावे या गतीने पाव तास हलवतात आणि त्याचा १० टक्के किंवा अधिक भाग बुडाला, तर खुल्या पाण्यावर वापरण्यास तो अयोग्य ठरवतात. फळांच्या कच्च्या साली या दुसऱ्या परीक्षेतच बहुधा नापास होतील. तुलनेसाठी सांगायचे, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार पेंढा, भुसा, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतिजन्य पदार्थ) यांसारखे नैसर्गिक सेंद्रिय शोषक स्वतःच्या वजनाच्या ३ ते १५ पट तेल धरतात आणि कृत्रिम शोषक ७० पटींपर्यंत जाऊ शकतात.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. त्यासाठी आधी पाण्यातले तेल कोणत्या अवस्थेत आहे हे पाहावे लागते. पाण्यापेक्षा हलक्या, ०.८५ घनतेच्या तेलाचा १५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब स्टोक्सच्या नियमानुसार एक मीटर वर यायला सुमारे ९ मिनिटे घेतो. तोच थेंब १५ मायक्रॉनचा असेल तर त्याला सुमारे १५ तास लागतात, कारण वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मोठे थेंब साध्या टाकीत आपोआप वर येतात आणि स्किमरने, म्हणजे वरचा थर खरवडून घेणाऱ्या साधनाने, काढता येतात. त्यासाठी साल हवीच कशाला? खरी अडचण बारीक थेंबांची, इमल्शनची (पाण्यात टिकून राहिलेल्या अतिसूक्ष्म थेंबांच्या दुधाळ मिश्रणाची) आणि विरघळलेल्या भागाची असते. खनिज तेलातला बेंझीन हा घटक एका लिटर पाण्यात जवळजवळ १.८ ग्रॅमपर्यंत विरघळतो आणि सालीचा तुकडा त्याचे फारसे काही करू शकत नाही.

या बारीक थेंबांच्या बाबतीत मात्र फळाचा एक टाकाऊ भाग कित्येक दशके खरोखर कामाला लागलेला आहे, आणि तो म्हणजे अक्रोडाचे कवच. खनिज तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर भरपूर पाणी वर येते. प्राथमिक टाक्यांमधून गेल्यावर त्यात साधारण १०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत तेल उरते, आणि ते काढण्यासाठी दळलेल्या अक्रोडकवचाचा जाड थर भरलेले बंदिस्त गाळक वापरतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेल १० मिलिग्रॅमच्या आत, पुष्कळदा ५च्याही आत आणता येते. गंमत अशी की हे कवच तेल ‘पीत’ जवळजवळ नाहीच. ते टणक असते, त्याच्या पृष्ठभागाला तेल चिकटते, छोटे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि थर भरला की तोच थर जोराने घुसळून बॅकवॉश केला, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून धुतला, की तेल सुटून निघून जाते. त्यासाठी रसायने लागत नाहीत आणि झिजेपुरती थोडी भर घालत तेच कवच पुन्हा पुन्हा वापरतात. तेल पकडायचे आणि मागितले की सोडायचे, हे दोन्ही गुण त्याच्यात आहेत. सालीत पहिला अर्धामुर्धा आहे आणि दुसरा नाही.

समुद्रातल्या गळतीसाठी साली वापरण्याची कल्पना मला पटत नाही, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काजवळ एक्सॉन व्हॅल्डीझ जहाजातून सुमारे ३७,००० टन तेल सांडले. सालीची क्षमता उदारपणे ४ पट धरली, तरी सव्वानऊ हजार टन कोरडी साल लागेल. ताज्या सालीत ८० टक्के पाणी असते असे धरल्यास ४६ हजार टन ताजी साल. ती जमवायची, वाळवायची, पसरायची आणि मुख्य म्हणजे तेल प्यायलेली पुन्हा गोळा करायची. १९६९मध्ये सांता बार्बराच्या गळतीत पेंढा पसरून पाहिला होता, आणि मग तो तेलाने लडबडलेला पेंढा माणसांना किनाऱ्यावरून दाताळ्यांनी ओढून काढावा लागला.

रसशाळा :

निवळी यांनी मांडलेले बहुतेक सगळे मान्य आहे, पण सालीला त्यांनी जरा लवकर निकालात काढले असे वाटते. पाण्याची ओढ हा सालीचा स्थायी स्वभाव नाही. तो बदलता येतो, आणि संशोधनाचा बराचसा भर त्यावरच आहे.

विद्यार्थ्यांना हे दाखवण्यासाठी एक फार सोपी चाचणी सुचवते. संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा एक सपाट तुकडा घेऊन त्याच्या बाहेरच्या बाजूवर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब ठेवा. तो बराच वेळ फुगीर राहतो, कारण तिथे मेणचट आवरण आहे. तोच थेंब आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या भागावर ठेवला तर काही क्षणांत पसरून आत जिरतो. एकाच सालीच्या दोन पृष्ठभागांचा स्वभाव इतका भिन्न असताना आपण ती दळून दोन्ही एकत्र करतो आणि मग सरासरी उत्तर मिळाले म्हणून तक्रार करतो. पृष्ठभाग जलरोधी आहे की नाही हे थेंबाच्या कडेचा कोन सांगतो. तो ९० अंशांच्या वर असेल तर जलरोधी. मोबाइलने बाजूने छायाचित्र काढून हा कोन मोजता येतो, आणि पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला ते अगदी शोभेल.

स्वभाव बदलण्याची प्रसिद्ध पद्धत म्हणजे ॲसिटिलेशन. ॲसेटिक ॲनहायड्राइडच्या साहाय्याने हायड्रॉक्सिल गटांतल्या हायड्रोजनच्या जागी ॲसिटिल गट बसवतात. त्यामुळे पाण्याशी बंध जोडणारी जागाच कमी होते आणि वनस्पतिजन्य तंतू तेलाकडे अधिक झुकतात. भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, पपनसाची साल अशा अनेक पदार्थांवर हे झालेले आहे. मात्र हे रसायन झोंबणारे, वाफा सोडणारे आणि अमली पदार्थांच्या निर्मितीत वापरले जात असल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या १९८८च्या करारातील नियंत्रित यादीत असलेले आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी उष्णतेचा मार्ग घ्यावा. हेमिसेल्युलोज साधारण २२० ते ३१५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होते आणि सेल्युलोज त्याच्याही वर. साल झाकणबंद मूशीत, हवा कमी ठेवून, २५० अंशांच्या आसपास भाजली तर सर्वांत जास्त पाणी ओढणारा भाग आधी नाहीसा होतो आणि मागे तपकिरी, ठिसूळ, पाण्याला बऱ्यापैकी नाकारणारा पदार्थ उरतो. वजन घटते, पण तरंगण्याची क्षमता वाढते. आणखी वर, हवेविना ४०० ते ६०० अंशांवर नेले की जैवकोळसा मिळतो, आणि त्याचे वाफेने किंवा रसायनाने सक्रियीकरण केले तर सक्रिय कार्बन. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कार्बन तर जगभर पाणी शुद्ध करण्यासाठी विकला जातो. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग सामावलेला असतो आणि विरघळलेल्या बेंझीन-टोल्युइनसारख्या ज्या भागापुढे साल हतबल होते, तिथे तो उपयोगी पडतो. जाड तवंगावर मात्र तो टाकणे म्हणजे त्याची सूक्ष्म छिद्रे बुजवून टाकणे आहे.

शोषणक्षमतेच्या मोठमोठ्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. कोहळ्याच्या गरापासून उष्णजलीय प्रक्रिया, गोठवून वाळवणे आणि कार्बनीकरण करून तयार केलेले अतिहलके कार्बन एरोजेल (बहुतांश पोकळ्यांनी भरलेला स्पंजासारखा घन पदार्थ) स्वतःच्या वजनाच्या १५ पटींहून अधिक तेल धरते, असे प्रसिद्ध झाले आहे आणि ते खरेही आहे. पण ज्या पदार्थाची घनता घन सेंटिमीटरला ०.०५ ग्रॅम आहे, त्याचा एक ग्रॅम २० मिलिलिटर जागा व्यापतो; त्यात १९ मिलिलिटर तेल मावले, यात पदार्थाच्या तैलप्रेमापेक्षा त्याच्या हलकेपणाचा वाटा मोठा आहे. पांढऱ्या शाल्मलीच्या बोंडातला कापूस, ज्याला कपोक म्हणतात, तोही याच कारणामुळे विलक्षण तेल धरतो. त्याचे तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असतात. सैल भरला तर तो ३० पटींहून अधिक डिझेल घेतो आणि घट्ट दाबून भरला तर हाच आकडा दहाच्याही खाली येतो. म्हणून विद्यार्थ्यांनी क्षमता ग्रॅममागे लिहिताना जोडीला घन सेंटिमीटरमागेही लिहावी. पिशवीत किंवा गाळकात जागा मोजून मिळते, तेव्हा हा दुसरा आकडाच उपयोगी पडतो.

समुद्राचे जाऊ द्या. पण वाहनदुरुस्तीच्या ठिकाणी धुण्याचे पाणी एका छोट्या तेलसापळ्यात साठते, तिथे धुऊन भाजलेल्या सालीची जाळीदार पिशवी तरंगत ठेवणे मला अजिबात अव्यवहार्य वाटत नाही.

टाचणी :

विल्हेवाटीचा प्रश्न विचारल्याबद्दल ओंजळ यांचे आभार, कारण बहुतेक लेख नेमके तिथे संपतात. खनिज तेल प्यायलेली साल हा घातक कचरा आहे. ती कंपोस्टमध्ये घालायची नाही, उघड्यावर जाळायची नाही आणि ‘जैवविघटनशील’ म्हणून मातीत पुरायचीही नाही. पिळून काही तेल परत मिळते, उरलेली साल नियंत्रित भट्टीत, उदाहरणार्थ सिमेंटच्या १४५० अंशांच्या भट्टीत, पूरक इंधन म्हणून जाळता येते. सालीला उष्मांक आहे आणि राख कमी आहे, हा तिचा पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम शोषकाइतकाच, आणि मातीच्या शोषकांपेक्षा मोठा फायदा आहे.

वाळवण्याच्या ऊर्जेवरून मात्र या कल्पनेला उगाच झोडपले जाते. १०० किलो ताज्या सालीतले ८० किलो पाणी उडवायला किमान १८० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ५० युनिट ऊर्जा लागते. चार किलो डिझेलमध्ये तेवढी ऊर्जा असते. यंत्रात निम्मी वाया गेली तरी आठ किलो. उरलेल्या २० किलो कोरड्या सालीने ३ पटीने ६० किलो तेल धरले, तर हिशेब तोट्याचा नाही, आणि ऊन असेल तर प्रश्नच नाही. अडते ते दुसरीकडे. ओली साल दोन दिवसांत आंबते, वर्षभर सारखी मिळत नाही, आणि तिची प्रत प्रत्येक खेपेला वेगळी असते.

एक सुरक्षिततेची गोष्ट. विद्यार्थी खनिज तेलाऐवजी जवसाच्या तेलासारखे हवेत सुकणारे वनस्पती तेल वापरणार असतील, तर तेलाने भिजलेल्या तंतुमय पदार्थाचा ढीग करून ठेवू नये. अशा तेलाचे हवेत ऑक्सिडीकरण होताना उष्णता निघते आणि ढिगाच्या आत ती साठून आपोआप आग लागू शकते. धातूच्या, झाकण असलेल्या डब्यात ठेवावे.

ओंजळ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाण्याचे वजन वेगळे काढण्याची कृती मात्र अजून नीट कळली नाही. निवळी यांनी ती कृपया लिहावी. आणखी एक मुद्दा असा की गटातील एका विद्यार्थिनीने साली आंबवून केलेले ‘बायोएन्झाइम’ तेलकट पाण्यात ओतण्याचा पर्याय सुचवला आहे. असे द्रावण तलावांत ओतले जाते आणि पाणी निवळते, असे तिने वाचले आहे. शिवाय तेल खाणाऱ्या जिवाणूंना सालीचा आधार देता येईल का, असाही तिचा प्रश्न आहे. हे दोन्ही पर्याय प्रकल्पात घ्यावेत का?

सूक्ष्मदर्शी :

विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, पण आधी पहिल्याचे उत्तर देतो.

साखर, साली आणि पाणी १:३:१० या प्रमाणात घेऊन सुमारे तीन महिने आंबवलेले हे द्रावण मुख्यतः ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्ले, उरलेली साखर, थोडे अल्कोहोल आणि सालीतले विरघळलेले पदार्थ यांचे मिश्रण असते. भांड्याचा चिकटपणा काढायला ते बरे, कारण ते आम्लधर्मी आहे. तेलाच्या तवंगावर ओतल्यास फार तर तवंग फुटून थेंब पाण्यात पसरतील. हायड्रोकार्बन तिथेच राहतील, फक्त डोळ्यांना दिसणार नाहीत. आणि त्याची किंमत पाण्याला मोजावी लागते. २५ अंशांना एका लिटर गोड्या पाण्यात जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायला १.०७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे ती एक ग्रॅम साखर जवळजवळ १३० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. आधीच तवंगामुळे हवेतून ऑक्सिजन आत जाणे मंदावलेले असताना त्यात साखरेचे द्रावण ओतणे हे जलचरांच्या दृष्टीने वाईटच. तलावात ओतण्याच्या उपक्रमांबद्दल माझे मत यावरून लक्षात यावे.

जिवाणूंचा विचार वेगळा आहे. तेल खाणारे जिवाणू निसर्गात सर्वत्र थोड्या संख्येने असतात. अल्कॅनिव्होरॅक्स बोर्क्युमेन्सिस हा तर जवळजवळ हायड्रोकार्बनांवरच जगणारा सागरी जिवाणू असून त्याचे वर्णन १९९८मध्ये प्रसिद्ध झाले. गळतीनंतर त्यांना कार्बनचा तोटा नसतो, नायट्रोजन आणि फॉस्फरसचा असतो. म्हणूनच एक्सॉन व्हॅल्डीझच्या अपघातानंतर अलास्काच्या किनाऱ्यांवर खते फवारून जिवाणूंची वाढ करण्याचा प्रयत्न झाला. आता साल इथे कुठे बसते ते पाहा. तिच्यात नायट्रोजन कमी आणि सहज पचणारी साखर भरपूर. अशी साल टाकली की जिवाणू आधी साखरेवर ताव मारतात, उपलब्ध नायट्रोजन त्यातच अडकतो आणि तेलाची पाळी उशिरा येते. शिवाय संत्रे-लिंबू वर्गातील सालींच्या तेलात लिमोनीन हा मुख्य घटक असतो, संत्र्याच्या सालीच्या तेलात तर तो ९० टक्क्यांहून अधिक असतो, आणि ते सूक्ष्मजीवांना मारक ठरते. बायोगॅसच्या संयंत्रात या साली जास्त झाल्या की गॅस का घटतो, त्याचे हे एक ठळक कारण आहे.

तरीही गरम पाण्याने साखर धुऊन काढलेली केळ्याची साल किंवा नारळाचा काथ्या जिवाणूंना बसायला जागा म्हणून चांगला उपयोगी पडतो. तेल, जिवाणू आणि हवा तिन्ही एका ठिकाणी आणणे हे त्याचे काम. पोषक द्रव्ये बाहेरून द्यावी लागतात. पण यात आठवडे जातात आणि फरक मोजायला उपकरणे लागतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या प्रकल्पात हे घेऊ नये. साली वापरून सूडोमोनास एरुजिनोसाकडून साबणासारखे रॅम्नोलिपिड तयार करून घेण्याचे प्रयोगही वाचायला मिळतील. हा जिवाणू दुर्बल माणसांत संसर्ग करणारा आहे, तेव्हा तिकडे तर वळूच नये.

निवळी :

पाण्याचे वजन काढण्याची कृती लिहितो. नवे इंजिन ऑइलच वापरा, कारण वापरलेल्या तेलात धातूंचे कण, इंधनाचे अंश आणि काही कर्करोगजनक घटक असतात. साल आधी गरम पाण्याने, धुवण नितळ निघेपर्यंत, धुऊन १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. नाहीतर प्रयोगात साखर विरघळून सालीचे स्वतःचे वजन घटते आणि हिशेब चुकतो. मग तेल-पाण्यात १५ मिनिटे ठेवून, जाळीवर ३० सेकंद निथळून पहिले वजन घ्या. तोच नमुना पुन्हा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, खोलीत हवा खेळती ठेवून, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. पाणी उडते, जड तेल राहते. दुसऱ्या वजनातून मूळ कोरड्या सालीचे वजन वजा केले की तेल मिळाले, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. डिझेल किंवा रॉकेलला ही पद्धत मुळीच लावू नये. त्यांचा हलका भाग पाण्याबरोबरच उडून जातो, आणि ओव्हनमध्ये त्यांची वाफ साठणे धोक्याचे आहे.

सोबत तीन जोड-चाचण्या ठेवा. एका पात्रात साल आणि नुसते पाणी, दुसऱ्यात लाकडाचा भुसा, आणि तिसऱ्यात साल न टाकता केवळ तेल-पाणी. शेवटची फार महत्त्वाची, कारण बरेच तेल काचेलाच चिकटते आणि त्याचे श्रेय सालीला जाते. ‘तवंग दिसेनासा झाला’ हे वाक्य अहवालात नसावे. इंद्रधनुषी दिसणारा थर ०.३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या पात्रात एक मायक्रॉनच्या थराला ०.०१ मिलिलिटरहूनही कमी तेल पुरते. त्याच पात्रात आपण ५ मिलिलिटर तेल ओतले, तर थर ०.६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक तेल निघाल्यावरही पाणी रंगीत दिसू शकते, आणि खाली इमल्शन झालेले असताना वरून ते स्वच्छही दिसू शकते.

रसशाळा यांनी सुचवलेली भाजलेली साल अवश्य घ्या. तेलसापळ्यातल्या पिशवीबद्दल त्यांच्याशी माझे फारसे दुमत नाही, फक्त पिशवी बुडण्याआधी बदलली जाईल याची जबाबदारी कोणावर तरी हवी. साल बारीक दळू नका. एक ते दोन मिलिमीटरचे कण पुरेत. पिठासारखी पूड तेलाच्या थेंबांभोवती बसून त्यांना पाण्यातच स्थिर करते, आणि जड झालेली गुठळी तेलासकट तळाला जाते.

वेळ उरला तर अक्रोडाची कवचे खलबत्त्यात फोडून, चाळून त्याच मापाचे कण घ्या आणि ते काचेच्या उभ्या नळीत, खाली जाळी लावून, वीतभर उंचीपर्यंत भरा. पाण्यात तेलाचे काही थेंब टाकून मिक्सरमध्ये फिरवलेले दुधाळ पाणी वरून हळूहळू सोडा आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मोजा. दुसऱ्या नळीत तेवढ्याच उंचीपर्यंत वाळू भरून तीच चाचणी करा. मग दोन्ही थर खालून जोराने पाणी सोडून धुवा आणि पुन्हा तेच पाणी वरून सोडा. वाळू आणि कवच यांच्यातला फरक पहिल्या फेरीपेक्षा या दुसऱ्या फेरीत अधिक स्पष्ट दिसायला हवा.